दोन अँपिअरवर चाललेलं घर

९ जुलै
लॅपटॉपने आज पुन्हा मान टाकली! अर्बिल शहरातल्या कंपनीला पुढच्या गुरुवारपर्यंत मी कॉम्प्युटरवर उभारलेल्या अख्ख्या घराची फिल्म हवीय. अंगण, जिना, खिडक्यांतून सरकणारं ऊन, सगळं. पसंत पडली तर नोकरी, तीही घरबसल्या! आई गेल्यापासून बाबांजवळ मी एकटीच. त्यांना सोडून बगदादबाहेर पाऊल टाकता येत नाही. अशी नोकरी पुन्हा कोण देणार? आणि हे म्हातारं डबडं एकेक चित्र रांधत बसतं.

१० जुलै
चिपचा वेग चढवला. ओव्हरक्लॉक! नेमून दिलेल्या मर्यादेच्या वर, थोडा थोडा करत. खाली बर्फाची बाटली ठेवलीय, तरी हाताला चटका बसतो. पण पळतंय! आतला पंखा इतका घोंघावतो की शेजारच्या खोलीतलं बाबांचं ऑक्सिजनचं मशीनही ऐकू येत नाही.

११ जुलै
दुपारी सरकारी वीज गेली, गल्लीतल्या जनरेटरची लाइन आली. आमच्या वाट्याला दोन अँपिअर. त्यावर बाबांचं मशीन, छताचा पंखा आणि माझं डबडं. चिप जोरात पळवली की ब्रेकर पडतो—आणि मशीन बंद! ब्रेकर खाली अबू शाकिरच्या जनरेटरपाशी. धावत जायचं, त्याला वर करायला लावायचं, परत जिने चढायचे. तोवर बाबा धापा टाकत बसलेले. विटांच्या भट्टीने फुप्फुसं खाल्ली, पण ऐट कायम. मलाच खुणावतात—दम खा, दम खा.

"दोन अँपिअरवर विमान उडवतेस काय गं?" अबू शाकिर म्हणाला. अजून एक अँपिअर मागितला. उन्हाळ्यात शिल्लक कुठला, म्हणाला. खरंच नसणार.

१२ जुलै
ब्रेकर दिवसभर पडत राहिला. शेवटच्या वेळी वर आले तर बाबांचे ओठ जांभळे. माझीच मला लाज वाटली. वेग होता तिथे आणून ठेवला.

या वेगाने गुरुवार गाठता येणार नाही. रडले. डबड्याचा आवाज का थांबला म्हणून बाबांनी विचारलं, तर सगळं सांगून टाकलं—चिप, ब्रेकर, त्यांचं मशीन, कंपनी. ऐकून घेतलं आणि म्हणाले, चहा टाक.

१३ जुलै
सापडलं! वेग चढवायचा, पण चिपला व्होल्टेज कमी द्यायचं, म्हणजे वीज कमी खाते. दुपारभर जनरेटरवर चालवलं—ब्रेकरने हूं की चूं केलं नाही! बाबांना इथूनच ओरडून सांगितलं. "शाबास पोरी," ते आतून म्हणाले, "आता दार लावून घे. तुझ्या डबड्याने डोकं उठवलंय."

१४ जुलै
एकदाही नाही पडला. बामियाचा, भेंडीचा रस्सा केला होता, बाबांनी दोन घासांत हात धुतले. उकाडा, म्हणाले.

१६ जुलै
स्क्रीनवर जिन्यावरून ऊन उतरताना दिसलं. माझं घर! थोडंच उरलंय.

हे डबडं मामेभाऊ हारिसकडून घेतलेलं, म्हणून त्याला माझी युक्ती कळवली. म्हणतो, त्या चिपचं व्होल्टेज बदलतच नाही, तू नुसता आकडा बदलला असशील. जळला मेला! मग ब्रेकर का पडत नाही?

बाबा दिवसभर झोपूनच होते.

१७ जुलै
फिल्म गेली. सांगायला दार उघडलं. नळी नाकात, मशीनचं बटण बंद, बाबांचा हात त्यावर.

हॉस्पिटलच्या बाकावर बसलेय. आत नेताना त्यांनी डोळे उघडले. "पाठवलंस ना?" हो म्हटलं तर हसले. अजून कोणी बाहेर आलेलं नाही.