आमेनपर्यंत

१८ मार्च
आले एकदाची. बल्लारपुरात पस्तीस वर्षं विज्ञान शिकवून सुटले आणि मोहर्लीपलीकडच्या या गावात दोन खोल्या मिळाल्या. अंगणात मोहाचं झाड, फुलं पडायला लागलीत, सगळीकडे गोड वास. मागच्या पडवीला भिंत कंबरेएवढीच, वर उघडं. मी तिथे रोपं लावणार. शेजारीण गुणाबाई स्वयंपाकाला येईल. तिला आधीच सांगितलं, या घरात देव्हारा नाही. ती म्हणाली, "नसू द्या बाई, तेवढंच पुसणं कमी." आवडली मला.

२१ मार्च
जंगलाच्या वाटेवर वाघोबाचा शेंदरी दगड आहे. जाणारा-येणारा उभ्यानंच एक डहाळी टाकून पुढे जातो. मी टाकली नाही. गुणाबाई म्हणाली, देवाले नका मानू, पण इथी वाकू नका. वाघाले वाकला मानूस दिसत नाई, चितळ दिसते. म्हणून दगडापुढेही कुणी वाकत नाही म्हणे.

मी कुणापुढेच वाकत नाही, हे तिला काय माहीत. चौथीपर्यंत कॉन्व्हेंटात गुडघे टेकले, पाचवीत नकार दिला. मदर सुपीरियर म्हणाल्या, मरण समोर आलं की टेकशील. पन्नास वर्षं झाली, अजून संताप होतो. मरणाऱ्यांच्या उशाशी बसतं कोण हे तपासायला? मी बसले होते. माझ्या नवऱ्याने शेवटी देव नाही, पाणी मागितलं.

२९ मार्च
गावातली सोनीबाई वाघाने नेली. मोह वेचत होती, चांगलं ऊन वर आलेलं. वाकलेली होती.

वनरक्षक प्रफुल घरोघर सांगून गेला: वाघ दिसला तर पळू नका, बसू नका, ताठ उभं राहून हात वर करा, ओरडा. मी इथल्या शाळेच्या फळ्यावर तेच मोठ्या अक्षरांत लिहून बायकांकडून वदवून घेतलं. गुणाबाई म्हणाली, दगडाजवळ तुमच्या नावाची बी डहाळी टाकली. न विचारता? माझ्या नावाने? बरीच बोलले तिला. ती ऐकत तांदूळ निवडत राहिली.

२ एप्रिल
मोहाखाली पंजाचे ठसे. माझ्या तळहातापेक्षा मोठे. ते पडवीकडे आलेत. भिंतीबाहेर गवत दबलंय, बराच वेळ कुणी बसल्यासारखं. आत, बरोबर तिथेच, मी रोज वाकून रोपांना पाणी घालते.

गुणाबाई म्हणाली, आमच्याकडे या झोपाले. नाही म्हटलं.

३ एप्रिल
वाटेवरून परतताना हातात डहाळी होती. कधी तोडली, आठवत नाही. दगडाच्या उलट्या बाजूला भिरकावली. मुद्दाम.

४ एप्रिल, भर दुपार
पडवीत वही घेऊन बसले होते. माकडं ओरडली, मग एकदम गप्प. भिंतीपलीकडे श्वास. घराचं दार चार पावलांवर —

उभं राहायचं. हात वर. मीच लिहिलं होतं फळ्यावर —

ओठ हलताहेत. इंग्रजी. शाळेतली प्रार्थना, शब्द न् शब्द. मी ती आठवत नाहीये. ती आपोआप —

पेन थांबलं की त्याचा श्वास ऐकू येतो, म्हणून लिहितेय —

वही जमिनीवर आहे. मी गुडघ्यांवर. कधी टेकले —

गुणाबाई तिच्या दारातून ओरडतेय. बाई, उभ्या राहा. काऊन वाकल्या, उभ्या राहा वो —

कळतंय मला. पण आमेन म्हटल्याशिवाय उठायचं नसतं, तसंच शिकवलंय, दोनच ओळी राहिल्यात, दोन —