ताईंना मीच नाही म्हणालो

अगं,
तुला उठवत नाही. खरं सांगायचं तर तोंडावर बोलायची हिंमत नाही. छकुलीचा डबा भरलाय. केळं आणि बिस्किटं वेगवेगळ्या कप्प्यांत आहेत, एकमेकांना लागलेली नाहीत.

काल तू म्हणालीस, "माझ्या सख्ख्या बहिणीनंसुद्धा पाठ फिरवली." तसं नाहीये. ताई बोलवायच्या गं. "तिला सध्या कुणाशीच बोलायचं नाही," असं दोन वर्षं मीच त्यांना परस्पर सांगत आलो. दोन वर्षांपूर्वी त्यांच्या घरी छकुली कान दाबून टेबलाखाली किंचाळत होती, तेव्हा लोकांच्या नजरा मला सोसवल्या नाहीत. तू मात्र सरळ तिच्याशेजारी खाली जाऊन बसलीस. तुला एकटं मी पाडलं.

आज पहाटेच ताईंना फोन करून सगळं कबूल केलं. आधी रडल्या, मग मला चांगलं फैलावर घेतलं. रविवारी येतायत. फोन ठेवताना म्हणाल्या, "छकुलीला काय आवडतं? काय आणू?"

मला सांगता आलं नाही. तेवढं त्यांना कळव. आणि जमलं तर मलाही सांग.