कुंपणाकडचा वाफा

सोलापूर,
माघ वद्य त्रयोदशी, शके १८५४

प्रिय यशोदा,

तुमच्याकडे कामाला आलेली निंगव्वा हे पत्र तुझ्या हातात ठेवील तेव्हा तुमच्या घरात माझ्या नावाचा उद्धार चालू असेल. चालू दे. तू आधी शेवटपर्यंत वाच, मग हवं तर चुलीत घाल.

"जे खायचं नाही त्याला माझ्या आडाचं पाणी नाही," असं तुझ्या अप्पांनी ठणकावलं होतं, आठवतं? तरी तू वांग्यांच्या सरीत झेंडू लावलास. किडीला आळा बसतो म्हणालीस, आणि मास्तर असून त्यांना ते पटलं! घेवड्याच्या मांडवावर गोकर्ण चढली, मेथीच्या कडेनं शेवंती आली. अप्पा मेथी खुडायला वाकायचे आणि इकडंतिकडं बघून शेवंतीचा वास घ्यायचे. आपल्या दोन घरांमधल्या भिंतीवरून मी पाहिलंय. मग उन्हाळ्याच्या सुट्टीत मी पुण्याच्या टेकडीवरून कळलावीचा कंद आणला. विषारी म्हणून आपण तो भाज्यांपासून लांब, कुंपणाच्या कोपऱ्यात पुरला. श्रावणात फुलं आली तेव्हा तू लिहिलं होतंस, कुंपण पेटल्यासारखं दिसतंय. ते वाक्य मी वर्गात बसून इतक्यांदा वाचलं की प्रोफेसर काय शिकवत होते ते देवालाच ठाऊक.

पुढचं तुला माहीतच आहे. तुझं पत्र हाती लागल्यावर वसतिगृहाचे रेक्टर तुझ्याबद्दल वेडंवाकडं बोलले, मी अंगावर धावून गेलो, कॉलेज सुटलं. घरी येतो तर बार्शीचं स्थळ! तेव्हा नळावर अख्ख्या आळीसमोर मी ओरडलो की त्या बार्शीकराच्या तंगड्या मोडीन. डोकं फिरलं की तोंडावर ताबा राहत नाही माझा. त्याची किंमत आज कळली.

झालं असं, की दिवाळीत वेल वाळून गेला, वर खूण उरली नाही, आणि अप्पांनी वाफा कुंपणापर्यंत वाढवून तिथं रताळ्याचे वेल टोचले. तुझ्या ध्यानात आलं असतं, पण पाहुणे येणार म्हणून ऊन लागून रंग काळवंडेल या धास्तीनं काकूंनी तुला बागेत पाऊल टाकू दिलेलं नाही. आज सकाळी निंगव्वा हसत सांगत होती, "उद्याच्या उपासाला रताळी काढाया लागलो की. येक तर लई मजेशीर निगालं, दोन फाट्याचं, नांगरावानी! वैनींनी टोपलीत टाकलं." यशोदा, तो आपला कळलावीचा कंद! रताळं असं दुभागत नाही. त्या एका कंदाचे आता किती झाले असतील, कुणास ठाऊक.

मी निंगव्वाला तशीच परत पाठवली. तिनं काकूंना सांगितलं, "नारूदादा म्हनत्यात, त्यात इख हाय." काकू काय म्हणाल्या? "नाऱ्याला म्हणावं, पाहुण्यांची पंगत मोडायला याहून बरी थाप शोध!" त्यांचा तरी काय दोष? नळावर त्याही होत्या.

संध्याकाळी अप्पा आणि काकू पाहुण्यांना उतरवून घ्यायला स्टेशनवर जातील. तेवढ्यात मी भिंतीवरून उतरणार. कुंपणापासूनचा सगळा वाफा उकरणार, पडवीतली टोपलीसुद्धा नेणार. तेव्हा उजेड असेलच, कुणी ना कुणी पाहणारच. धरलं तर सांगेन, भूक लागली होती, रताळी चोरली. त्या बागेत काय कुठं पुरलंय हे मला कसं ठाऊक, असं कुणी विचारलं तर तुझं नाव निघेल. चोराला एवढं कुणी विचारत नाही.

म्हणून हे पत्र. तू खिडकीतून पाहशील, तुला वाटेल मी बोललो तसा तुझं लग्न मोडायला आलो. तसं नाही गं. सगळे मला चोर म्हणतील तेव्हा तू तोंड उघडू नकोस. मात्र मी वाफ्यापर्यंत पोचण्याआधीच धरला गेलो, तर नावाची पर्वा करू नकोस, ओरड, टोपली उकिरड्यात फेक. पाहुण्यांना भगर घाला. बार्शीला जायचं की नाही, हे तुझं तू ठरव. वांग्यांतला झेंडू मी तुडवणार नाही, एवढं सांभाळीन.

तुझाच, आणि उद्यापासून आळीचा रताळेचोर,
नारायण