तपेल्याएवढं भोक

मार्गशीर्ष शु. ३, शुक्रवार
जुम्म्याची सुट्टी, कचेरी बंद. अक्काला हकीमसाहेबांकडे नेलं. पापण्या उलटून पाहिल्या अन् म्हणाले, आधी धूर बंद करा, औषध नंतर. नाहीतर वर्षभरात नजर जाईल. मला घामच फुटला. अक्का वाटेत वांग्यांचा भाव करत होती! ‘चूल माझी हाय, डोळे बी माझेच. तुला कावून घोर?’
कावून म्हणजे काय? आई गेल्यावर हिनंच वाढवलं मला. दिवाळीपासून पोथी उघडली नाही तिनं. तेव्हाच माझ्या ध्यानात यायला हवं होतं.

शु. ४, शनिवार
ठरलं. चुलीमागं मातीचं धुराडं, चुलीवर लोखंडी पत्रा, पत्र्याला मधोमध तपेल्याएवढं गोल भोक. तपेलं काठापर्यंत आत बसलं की धुराला धुराड्याशिवाय वाट नाही. भाकरी अंगणातल्या चुलीवर, उघड्यावर.
अक्कानं तपेलं घासून लख्ख करून दिलं. पोटाला सुतळी गुंडाळून माप घेतलं.

शु. ५, रविवार
जमालभाई लोहारांकडून पत्रा आणला, सूतभर जाड. म्हणाले, ‘भट्टीत लाल करतो, छिन्नी घालतो. पान खाऊन होईस्तोवर भोक तयार.’ मी म्हटलं, पत्रा वाकेल. ‘थोडा वाकनारच की.’ मग नको. हसले. बर्मा, छिन्नी अन् कानस उसनी दिली. ‘कारकुनाचे हात हायत नानासाहेब, संभाळून.’

शु. १०, शुक्रवार
रोज कचेरीतून आल्यावर थोडं थोडं करत होतो, आज सबंध दिवस. आखलेल्या वर्तुळाच्या आतून बर्म्यानं बारीक भोकं, एकाला एक लागून. एकशे सहा. मधली लोखंडाची नखं छिन्नीनं तोडली. दुपारी चकती ठणकन पडली. अक्का आतून, ‘काय फुटलं रे?’
चकती मांडीवर घेऊन बराच वेळ बसलो. फार खूश. कड मात्र करवतीच्या दात्यांसारखी. आता कानस.

पौर्णिमा, बुधवार
कानस, कानस, कानस. तळव्याला दोन फोड. कचेरीत लेखणी धरवेना.
अक्का रोज संध्याकाळी डोळे मिटून कडेवरून बोट फिरवते. ‘हितं अडकतंय.’ तिथं घासतो. ‘आता हितं.’ मला काहीच दिसत नाही, तिच्या बोटाला सगळं कळतं. आज तपेलं बसवून पाहिलं. मध्ये कागदाची चिठ्ठी सरकत नाही. शाब्बास मी!

वद्य २, शुक्रवार
फजिती. पत्रा चढवला, जाळ केला. अक्कानं रोजच्यासारखा तपेल्याला बाहेरून राख-मातीचा लेवा दिला अन् आणून ठेवलं. तपेलं अर्ध्यात अडकलं, तेही तिरपं. चहूकडून धूर. ती आधी खोकून बेजार, मग हसून. ‘अरे नाना, लेवा न देता कोन भांडं चुलीवर ठेवतं?’
जन्मभर हिच्या हातचं जेवलो, रोज हिला लेवा देताना पाहतो, अन् माप घेतलं ते घासलेल्या तपेल्याचं. लेवा पातळ दे म्हटलं, तर ‘मंग काजळी घासायला तू ये.’

वद्य ४, रविवार
काल अन् आज सुई टोचून लेव्याची जाडी पाहिली. दहा ठिकाणी, दोन्ही दिवस. तेवढीच. ना माप, ना सुतळी, नुसता हात फिरवते. अशा हाताला आपल्या कचेरीत बसवायला हवं.
भोक लेव्याच्या मापानं वाढवायचं. पुन्हा कानस.

वद्य ९, शुक्रवार
बसलं. लेवा ओला असतानाच ठेवलं, काठाखाली माती दबून उरलीसुरली फटही बुजली. सगळा धूर धुराड्यातून. अक्का चुलीपुढं बसून राहिली, डोळ्यांना पदर न लावता. वरण उकळलं तरी उठेना. ‘नाना, चूल पेटलीय ना रे?’
मला रडू आलं. धुराचं निमित्तही नव्हतं.

पौष शु. ८, शुक्रवार
सकाळी तपेलं उतरवलेलं. अक्का चुलीपासून दोन हातांवर, उंबऱ्यात डाळ निवडत होती. तिथूनच म्हणाली, ‘भिंतीच्या अंगाला एक खाच राहिली बघ तुझ्या भोकाला.’ वाकून पाहिलं. आहे, तांदळाएवढी.
‘तुला बोटाला लागली होती का?’
‘लागली असंल. पर दिसतीय की.’
दिसतीय, का बोटानं लक्षात ठेवलंय? पोथी तर अजून फडताळातच आहे. विचारायचा धीर होईना.
ती पाण्याला गेली तेव्हा कानस काढली. ती खाच घासली नाही. उलट समोरच्या कडेला, इतके दिवस घासून गुळगुळीत केलेल्या, तेवढीच दुसरी पाडली. हिला बोटानं ठाऊक नसलेली.
आता आलीय. घागर उतरवून उंबऱ्यात बसली, सूप पुढं ओढलं. चुलीकडं पाहतेय. मी खाली मान घालून लिहितोय.