पाच अंगणांच्या बिबड्या

११ एप्रिल ८९, धुळे
बोलून बसले. आग्रा रोडच्या दुकानदार शेठना माझ्या बिबड्या, म्हणजे ज्वारीचे पापड, आवडल्या. "वहिनी, सुरतेत भावाचं दुकान आहे. तिकडचे आपले खानदेशी लोक मागतात. आखाजीच्या सणाच्या आठ दिवस आधी चाळीस किलो द्या. जमेल?"
जमेल म्हणाले! एकटीने थापून दिवसाला दीड किलो होतात, तेही कंबरेचा काटा ढिला करून. हे म्हणाले, "बालवाडीत सांगून ठेव, जूनपासून परत येते म्हणून." अंगाचा तिळपापड. नोकरी सोडली ती सोडली. नाही जाणार परत.

१३ एप्रिल
गल्लीतल्या चौघी मदतीला आल्या. शेजारच्या सखूअक्का सगळ्यांत मोठ्या, हात काय चालतो त्यांचा! पहाटे घाटा शिजवला, दहापर्यंत सगळ्या बाजा वाळत घातलेल्या बिबड्यांनी भरल्या.
संध्याकाळी प्रत्येकीला दहाची नोट द्यायला गेले. विकायच्या कामाला फुकट कसं राबवायचं, हे माझं शहाणपण. अक्कांनी नोट उंबऱ्यावर ठेवली. "आज तुना आंगनम्हा, सकाय मना आंगनम्हा. त्याम्हा मजुरी कथाईन उनी? मी काय रोजवर शे का?" म्हणजे उद्या त्यांच्या अंगणात मी जायचं, मजुरी कसली.

१४ एप्रिल
एकही फिरकली नाही. सव्वा किलो, बस. आधी त्यांच्यावर चिडले, मग स्वतःवर. रडले.

१५ एप्रिल
न बोलावता पहाटे अक्कांच्या अंगणात जाऊन बसले. बाकीच्या तिघीही तिथेच. नुसती थापत राहिले. चौथी बाज भरल्यावर अक्का म्हणाल्या, "सात वरीस व्हयनात. आज पहिल्यांदा उनी तू." खरं आहे. बालवाडीच्या नावाखाली कुणाकडेच कधी गेले नव्हते. लाज वाटली.
तिथेच सुचलं. माझं अंगण एक, पातेलं एक. गल्लीत अंगणं पाच! रोज एकीकडे पाळी, थापायला पाचही जणी, त्या दिवसाचा माल त्या घरचा आणि पैसेही त्याच घरचे. मोठ्याने सांगून टाकलं. अक्कांनी हातातली बिबडी बाजेवर टाकली, म्हणाल्या, "मंग मना घरन्या बिबड्या सुरतले जातीन?"
हसू लपवता येईना बाईंना.

२६ एप्रिल
बेचाळीस किलो!! तेही मुदतीच्या चार दिवस आधी. हातगाडीवर डबे, मागे आम्ही पाचजणी, वरातच की. शेठनी प्रत्येक डब्यातली एकेक तळून खाल्ली, म्हणाले, "काढायला खोटच नाही." हे संध्याकाळी आपणहून जिलबी घेऊन आले. बालवाडीचं नाव नाही. मीही काढलं नाही, पण जिलब्या चार जास्त खाल्ल्या.

१२ मे
सुरतेचा निरोप: सगळा माल संपला, पावसाआधी दुप्पट पाठवा. छापील पिशवीत. दुप्पट! आता ते अवघड वाटतच नाही.
शेठ म्हणाले, "पिशवीवर तुमचंच नाव टाकतो." खोटं कशाला लिहू, नाही म्हणावंसं वाटलं नाही. आडनावासकट चारदा लिहून पाहिलं. छान दिसतं.
मजकूर उद्या द्यायचा आहे. आत्ता अक्का आल्या. "थैलीवर कोनं नाव लिखशी वं माय?"
पाणी आणते म्हणून आत आले, ती ही वही घेऊन बसले. त्या अजून ओट्यावरच आहेत.