मुसळाचं माहेर

जव्हार,
३ डिसेंबर १९७८

आदरणीय चाचाजान,

सलाम. इकडे आम्ही सगळे खुशाल आहोत. भिवंडीत तुम्ही, खैरुनचाची आणि तुमचे दोन्ही गुडघे खुशाल असाल, अशी आशा करते. बकरी ईदला तुम्ही येणार म्हणून रफीकने छापखान्याच्या पुढच्या खोलीला चुना लावला होता. तुम्ही आला नाहीत, आणि चुना मात्र अजून येणाऱ्या-जाणाऱ्याच्या बाहीला लागून सगळ्या गावात फिरतोय. थंडी चांगलीच पडली आहे. सकाळी शाई इतकी घट्ट होते की रफीक तिचा डबा चुलीशेजारी ठेवतो, आणि एक दिवस हा मुलगा आम्हा सगळ्यांना शाईचा चहा पाजणार म्हणून अम्मी रोज ओरडते.

तुम्ही विचाराल, अंक कुठे अडलाय? अंक अडलेला नाही. एक पान सोडून सगळा छापून झालाय. त्या पानाबद्दल पुढे लिहिते. आधी चाचीला सांगा की तिने पाठवलेलं लोणचं पोचलं, पण बरणीवर तुम्ही चिकटवलेल्या कागदावर ‘आंबा’ असं लिहिलं होतं आणि आत निघालं लिंबाचं. तुमच्यासारख्या संपादकाकडून ही अपेक्षा नव्हती.

हे मी थट्टेत लिहिलं. पण लिहून झाल्यावर वाटलं की खोडावं. राहू दे आता.

मुंबईच्या प्राध्यापकांचं पत्र तुम्हाला आलं, हे भिवंडीहून येणारा प्रत्येक माणूस सांगतो. तुमचा ‘मुसळाचे माहेर’ हा लेख ते विद्यार्थ्यांच्या पुस्तकात घेणार म्हणे. न्हाव्यालाही तुम्ही ते पत्र वाचून दाखवलंत, तेही अर्धी दाढी झालेली असताना. लेख आपल्या ‘खोरे’ त्रैमासिकात आलेला, म्हणून परवानगी त्यांनी ‘खोरे’कडे मागितली आहे, म्हणजे माझ्याकडे. मी अजून उत्तर दिलेलं नाही. टपालखात्याला बोल लावू नका. उत्तर माझ्याकडेच अडलंय.

गेल्या वर्षीच्या दिवाळीचा तो अंक तुमच्या हातचा शेवटचा. प्रुफं मी वाचली होती, त्यामुळे लेख मला जवळजवळ पाठ आहे. नवा भात कांडायच्या आधी घरातलं मुसळ रुसतं, शेजारच्या घरी माहेरी जातं, आणि मग घरचा जावई तारप्याच्या सुरात नाचत जाऊन, त्याची समजूत काढून, खांद्यावर घालून त्याला परत आणतो. ही माहिती दाभोशाच्या लाडक्याने दिली, अशी तळटीप. वाचताना मला त्या जावयाची फार दया आली होती. शंका मात्र आली नाही, कारण खाली तुमचं नाव होतं.

शंका आली वामन गुरुजींना. हे मोखाड्याच्या शाळेत शिकवतात, आणि त्यांचं आजोळ दाभोशाला आहे. त्यांनी पत्र पाठवलं, अगदी अदबीने: “आमच्या आजीच्या घरचे मुसळ कधी रुसल्याचे मला आठवत नाही. आजी मात्र पुष्कळदा रुसे. लेखकाची काही गफलत तर झाली नसावी?”

आता गुरुजींचं पत्र दडपावं, की तपास करावा? तुम्हीच सांगितलेलं आठवलं: शंका लेखकावर घ्यायची नाही, लेखावर घ्यायची, आणि पायांनी फेडायची. म्हणून गेल्या आठवड्यात मी जीपने दाभोशाला गेले. एका मांडीवर कोणाची तरी कोंबडी आणि दुसऱ्या मांडीवर कोणाचं तरी शिवणयंत्र, असा प्रवास झाला.

लाडक्या आणि त्याची बायको गौराबाई, दोघंही घरी होती. कोरा चहा झाला. मी विचारलं, “गौराबाई, तुमच्याकडे मुसळ रुसतं का गं?”

“हा, रुसतं ना,” गौराबाई म्हणाली.

माझा जीव भांड्यात पडला. तरी खात्री करावी म्हणून म्हटलं, “पण काही लोक म्हणतात, असं काही नसतंच.”

“नाय, नसतंच,” गौराबाई म्हणाली, तितक्याच गोडीने.

मी कप खाली ठेवला. “आणि सूप? सूप घरातून पळून जातं का?”

तिने एकदा नवऱ्याकडे पाहिलं. “जातं, कदी कदी.”

मला हसू फुटलं, मग तिलाही फुटलं, आणि आम्ही दोघी इतक्या हसलो की लाडक्या उठून बाहेर गेला. डोळे पुसत ती म्हणाली, “तू एवडी लांब आलीस. नाय म्हनलं तं तुला वाईट वाटंल. तुला काय पायजे तां सांग, आमी तसां सांगू.”

पाहुण्याच्या तोंडावर नाही म्हणायचं नाही, ही त्यांची रीत. तीही मला तुम्हीच शिकवली होती. हो-नाहीत उत्तर देता येईल असा प्रश्न डोंगरात विचारायचा नाही, असं तुम्ही मला बजावलं होतंत. तेव्हा माझ्या मनात आलं, चाचांचीही अशीच फसगत झाली असेल. त्यांनी विचारलं असेल, रुसतं का, आणि यांनी मान डोलावली असेल. चाचाजान, तसं असतं ना, तर हे पत्र चार ओळींचं झालं असतं आणि मी त्यात तुम्हाला मनसोक्त चिडवलं असतं.

पण मग मी बाहेर जाऊन लाडक्याला विचारलं, चाचा आले होते तेव्हा काय काय बोलणं झालं?

“चाचा इथं कवा आलं?” लाडक्या म्हणाला. “मोखाड्याच्या बाजारात भेटलं. मला च्या पाजला. मंग इचारलं, मुसळ काय करतं तुमच्यात. मी म्हनलो, कांडतं.”

‘कांडतं.’ एवढ्या एका शब्दाची तुम्ही नऊ पानं केलीत, तळटिपा निराळ्या.

आता पुढची गंमत ऐका. गंमतच म्हणते, दुसरा शब्द सुचत नाही. गेल्या जानेवारीत ते मुंबईचे प्राध्यापक कॅमेरा घेऊन दाभोशाला गेले होते. तुमचा लेख त्यांनी वाचून दाखवला आणि विचारलं, असं करता ना? सगळ्यांनी हो म्हटलं. मग ते म्हणाले, करून दाखवा. एवढा मोठा माणूस जीप करून आलेला, त्याला रिकाम्या हाताने कसं पाठवायचं? त्यांनी करून दाखवलं! गौराबाईचं मुसळ शेजारच्या पोशीच्या घरी गेलं, आणि जावई बाबल्या ते नाचत घेऊन आला. फोटो निघाले. म्हणजे तुमच्या लेखाला आता पुरावाही आहे.

आणि यंदा, कोणीही बोलावलेलं नसताना, मुसळ पुन्हा पोशीकडे गेलंय. मी डोळ्यांनी पाहिलं, तिच्या ओट्यावर भिंतीला टेकून उभं होतं. पोशीला विचारलं, का गं? तर म्हणाली, “मजा येतं.” बाबल्या तेवढा कुरकुरतोय. म्हणतो, नाचायला माझी ना नाही, पण मुसळ हलकं करा.

तुम्ही आता म्हणाल, झालं तर मग, लेख खरा ठरला! चाचाजान, हे म्हणू नका. लेख आधी छापला, रीत मागून आली. हे मला तुम्हाला समजावून सांगावं लागतंय, याचंच मला रडू येतंय.

मी परवानगी दिली, तर मुलं परीक्षेत मुसळाचं माहेर लिहितील आणि पास होतील. पुढे त्यांतलंच कोणी दाभोशाला येऊन सुपाचं माहेर शोधील. नाही म्हटलं, तर प्राध्यापक कारण विचारतील, आणि जव्हारपासून भिवंडीच्या न्हाव्यापर्यंत सगळीकडे तुमचं नाव खराब होईल. अब्बा गेले तेव्हा, पोरीने छापखाना चालवायचा म्हणून अख्खी गल्ली हसली होती. खिळे कसे जुळवायचे, हे माझा हात धरून तुम्ही शिकवलंत. एका बड्या साहेबांच्या लेखात दोन परिच्छेद दुसऱ्याचे निघाले, तेव्हा तुम्ही तो लेख त्यांच्या बंगल्यावर स्वतः नेऊन दिला होतात, आणि मी मागे उभी होते. त्या माणसाला मी आज हे लिहितेय. मला तुमचा राग आलाय. रागापेक्षा जास्त वाईट वाटलंय.

आता ते राहिलेलं पान. शेवटचं पान आहे, वर चहाची जाहिरात. तिच्याखाली बारीक टाइपात हा मजकूर मी जुळवून ठेवलाय:

“गेल्या वर्षीच्या दिवाळी अंकातील ‘मुसळाचे माहेर’ या लेखातील काही तपशील अनवधानाने अपुऱ्या माहितीवर आधारलेले राहिले. सबब हा लेख मागे घेण्यात येत आहे.”

लेख तुम्ही स्वतः मागे घेताय असं छापू, की ‘खोरे’ने मागे घेतला असं? एवढंच विचारायचं होतं, त्यासाठी इतकं लिहिलं. काहीच न छापण्याची सोय मी ठेवलेली नाही.

उत्तर द्यावंसं वाटू नये इतके रागावलात, तरी गुडघ्यांना तेल लावत जा.

तुमचीच राहू इच्छिणारी,
अनीसा

*

भिवंडी,
९ डिसेंबर १९७८

मा. संपादक, ‘खोरे’ त्रैमासिक, जव्हार, यांस,

सविनय सलाम. आपले पत्र पोचले. अनीने काय लिहिलंय, असं चाचीने विचारलं. मी सांगितलं, थंडी पडलीय.

त्याच दिवशी मी आपल्याला मोठं थोरलं उत्तर लिहिलं होतं. त्यात कृतघ्नपणा, वडीलधाऱ्यांचा मान, हल्लीच्या मुली, सगळं आलं होतं. मुसळ आता खरोखरच माहेरी जातं, तेव्हा लेखक हा काळाच्या पुढे होता, हा मुद्दा तर फारच झकास उतरला होता. सकाळी पुन्हा वाचलं. असा मजकूर माझ्या टेबलावर आला असता तर मी दुसरं पान उलटलं नसतं. चाचीने त्या कागदांवर भजी निथळत ठेवली. भजी छान झाली होती.

कारण आपण विचारलेलं नाही, ते सौजन्य समजतो. तरी सांगतो. दाभोशाची जीप भरून गेली, गुडघे ठणकत होते, अंकात पानं रिकामी होती, आणि लाडक्याचं उत्तर फारच छोटं होतं. पण हे सगळं वरवरचं. सारं आयुष्य दुसऱ्यांच्या लेखांतल्या चुका काढण्यात गेलं. जाता जाता आपलाही एक लेख लोकांच्या लक्षात राहावा, असं वाटलं. राहिला.

बरणीबद्दल: आंब्याची बरणी चाचीने ऐन वेळी बदलली. त्यात माझा हात नाही. निदान एवढं तरी माझ्यावर घालू नये.

आपला मसुदा तपासला. ‘अनवधानाने’ काढून टाकलं. नऊ पानं अनवधानाने लिहून होत नाहीत. ‘काही तपशील’ काढलं. ‘अपुरी माहिती’ हेही खरं नव्हे. माहिती पुरेशी होती, कांडतं. आणि ‘मागे घेण्यात येत आहे’ म्हणजे कोण घेतंय? माणूस लपवायचा असला की लोक असली वाक्यं लिहितात, आपल्याकडून ती नकोत. चहाची जाहिरात पुढच्या अंकात टाका. सगळं पान घ्या, आणि लेख ज्या टाइपात होता त्याच टाइपात हे जुळवा:

“‘मुसळाचे माहेर’ हा लेख मी मागे घेत आहे. मी दाभोशाला गेलो नव्हतो. त्यात वर्णिलेला विधी मी मनाने रचला. लाडक्याने मला तो सांगितला नव्हता, त्याचे नाव मी वापरले, त्याबद्दल त्याची माफी मागतो. दाभोशाच्या लोकांनी पुढे जे करून दाखवले ते पाहुण्याचे मन राखण्यासाठी, त्यात त्यांचा काही दोष नाही.”

खाली माझं पूर्ण नाव. आधी पदवी लावू नये. मुंबईला मी आजच लिहिलं आहे. न्हाव्याकडे उद्या जातो, तिथे जास्त धीर लागेल.

प्रूफ मला पाठवू नये. प्रूफ हातात आलं की लेखक शब्द मऊ करू लागतो. या लेखकाला मी चांगला ओळखतो.

एवढं झाल्यावर पाकीट चिकटवणार होतो, पण चाची मागे येऊन उभी राहिली. तिने सगळं वाचलंय. म्हणाली, पोरीला दुवा लिहा. तर बेटी अनी, तुझ्या पत्राचा मला फार राग आला. तो ओसरेल. अभिमान वाटला, तो ओसरणार नाही.

साभार परत आलेला
तुझा गुलामचाचा