ओतलं म्हणजे झालं नव्हे

आबा, तुमची आणि फाउंड्रीत तुमच्या जोडीनं ओतकाम करणाऱ्या सगळ्या मोल्डरांची एक तक्रार मला अजून पाठ आहे: भट्टीपुढं भाजत ओतायचं आम्ही, आणि काम किती झालं हे ठरवायचं पंख्याखाली बसणाऱ्यानं. आता तो पंख्याखाली बसणारा माणूस मी आहे. विमानांचे भाग करणाऱ्या इथल्याच एका कारखान्यात मी प्रोजेक्ट कंट्रोलर आहे. ऑर्डरचं काम किती झालं, पैसा किती गेला, शेवटापर्यंत अजून किती लागेल, हे दर आठवड्याला छातीठोकपणे सांगायचं, ही माझी नोकरी. आणि आज मला इतका आनंद झालाय की तुम्हाला सांगितल्याशिवाय राहवत नाही.

गेल्या महिन्यात आम्ही हेलिकॉप्टरच्या गिअरबॉक्सची कवचं ओतायला घेतली. दहापैकी पाच ओतून झाली. निम्मं काम दाखवलं असतं तर गिऱ्हाइकाकडून पुढचा हप्ता सुटला असता. मी अहवालात शून्य लिहिलं. आमचे प्लांट हेड माझ्या टेबलावर वाकले. "म्याडम, पाच नग वतल्यात की. तुमास्नी दिसंनात व्हय?"

"साचे दिसतात. आतलं एक्स-रे झाल्यावर दिसेल."

"आनि ऑर्डर गेली तर पगार कोन देनार? एक्स-रे?"

ते खोटं बोलत नव्हते. ऑर्डर गेली असती तर आधी भट्टीवरची माणसं घरी बसली असती. मी शून्य खोडायला पेन उचललं. पण तेवढ्यात आठवलं: मी चौथीत आहे, तुमचा डबा घेऊन उद्यमनगरातल्या तुमच्या फाउंड्रीत आले आहे. तुम्ही पंपाचं कवच ओतताय, आणि फाटकाशी गडहिंग्लजचे गिऱ्हाईक मला विचारतात, "झालं काय गं पोरी?" मी म्हणते, "झालं की." ते हौसेनं टेम्पो घेऊन येतात. तुम्ही साचा फोडता, तर एक कड भरलेलीच नाही. रिकामा टेम्पो परत जातो. कधी आवाज न चढवणारे तुम्ही सगळ्यांदेखत मला म्हणता, "वतलं म्हंजी झालं न्हवं. फोडून बघितल्याबिगार पावण्याला सबूद द्यायचा न्हाई." त्या दिवशी मी किती रडले, आबा. आणि तुमचा किती राग केला.

मी शून्यच ठेवलं. एक्स-रेत पाचपैकी दोन कवचांत हवेची छिद्रं निघाली. त्याच दुपारी गिऱ्हाइकाला खरं सांगितलं, नवा खर्च आणि नवी तारीख दिली. त्यांनी मुदत वाढवली. आज सकाळी दहाही कवचं निर्दोष ठरून पेट्यांत गेली. मी तडक भट्टीवर गेले आणि सगळ्या मोल्डरांना ऐकू जाईल असं सांगितलं, "सोमवारपासून 'झालं'चा रकाना तुम्ही भरायचा. साचा फोडून, तपासणी बघून, स्वतःच्या हातानं."

एक म्हातारा मोल्डर म्हणाला, "आमचं अक्षर चालंल न्हवं?"

"पळेल," मी म्हटलं.

तुम्ही आता नाही, हे पत्र कुठं जायचं नाही, म्हणून एक कबूल करते. गिऱ्हाइकाच्या इंजिनिअरनं विचारलं होतं, शून्य लिहायची ही शिस्त कुठली? मी म्हटलं, पुस्तकातली. पुस्तकात ती आहेही. पण तुमचं नाव घ्यायची मला तिथं लाज वाटली.